वाचकांचे प्रश्न : जमिनीखालचं गरम पाणी मोजताना

एखाद्या प्रदेशातल्या जलधरांत (पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या खडकांच्या थरांत) ९० अंश सेल्सिअसच्या आतलं गरम पाणी किती आहे आणि त्यातलं हाती किती लागेल, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. आकडेमोडीतली जागा काल्पनिक आहे. सगळीकडे एकच जलधर धरला आहे : ४० मीटर जाडीचा वालुकाश्म, सुमारे हजार मीटर खोल, पाणी ५५ अंश.

प्रश्न : किती तापमानापासून पुढचं पाणी ‘भूऔष्णिक स्रोत’ म्हणून मोजायचं? आमच्याकडे ४०० मीटरच्या बोअरला २७ अंशांचं पाणी लागलं आहे. वर्षाचं सरासरी तापमान २० अंश आहे.

सर्वमान्य अशी एकच सीमा नाही. मात्र अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८२ च्या मूल्यांकनात वापरलेला निकष आजही सोयीचा आहे. जमिनीलगत हवेच्या वार्षिक सरासरीपेक्षा १० अंश जास्त, आणि तिथून खाली प्रत्येक किलोमीटरला आणखी २५ अंश, ही खालची सीमा. वरची सीमा ९० अंश. खोलीबरोबर सीमा चढवण्याचं कारण उघड आहे. जितकं खोल जाल तितका खणण्याचा आणि उपशाचा खर्च वाढतो, म्हणून त्या खोलीवरचं पाणीही तेवढं गरम हवं.

तुमच्या बोअरसाठी ४०० मीटरवर ही सीमा ४० अंश येते. २७ अंश म्हणजे किलोमीटरला साडेसतरा अंशांची वाढ, ती सरासरीच्याही खाली आहे. हे साधं भूजल आहे.

हीट पंप (कमी तापमानाची उष्णता वर चढवणारं यंत्र) लावायचा असेल तर २० अंशांचं पाणीही कामाचं आहे, पण त्याची यादी आणि नकाशा वेगळा ठेवा. थेट वापराचं पाणी आणि हीट पंपाचं पाणी एकाच नकाशात रंगवलं की सगळा प्रदेश ‘संभाव्य’ दिसतो आणि नकाशाचा उपयोग संपतो.

प्रश्न : जुन्या तेलशोधाच्या विहिरींच्या लॉगवर (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींवर) तळाचं तापमान लिहिलेलं असतं. ते तसंच्या तसं घ्यावं का?

नाही. विहीर खणताना चिखलाचं पाणी सतत फिरत असतं आणि तळाचा खडक थंड होतो. लॉगचं उपकरण खाली जातं तेव्हा खडक अजून सावरलेला नसतो, त्यामुळे हजार ते दोन हजार मीटरच्या विहिरीत नोंद खऱ्यापेक्षा कमीच असते.

दुरुस्तीसाठी लॉगच्या मथळ्यातल्या दोन वेळा लागतात : चिखल फिरणं कधी थांबलं आणि उपकरण तळाला कधी टेकलं. शिवाय थांबण्याआधी तो किती तास फिरत होता तेही हवं. समजा तो ५ तास फिरला. थांबल्यावर ६ तासांनी ५१.३, १२ तासांनी ५३.१ आणि २४ तासांनी ५४.२ अंश नोंदले. प्रत्येक नोंदीसाठी फिरण्याचे तास आणि थांबल्यानंतरचे तास यांची बेरीज करा, तिला थांबल्यानंतरच्या तासांनी भागा. गुणोत्तरं येतात १.८३, १.४२ आणि १.२१. लॉगरिदमच्या कागदावर तापमानं या गुणोत्तरांसमोर मांडा, सरळ रेषा काढा आणि ती गुणोत्तर १ ला जिथे मिळते तिथलं तापमान वाचा. इथे ते साडेपंचावन्न अंश येतं, म्हणजे पहिल्या नोंदीपेक्षा चार अंशांहून जास्त. हीच हॉर्नर पद्धत. नोंदी फार लवकरच्या असतील तर तिचंही उत्तर थोडं कमी येतं.

आता यात काय फसतं ते पाहा. तिन्ही फेऱ्यांत नेमका तोच आकडा असेल तर बहुधा थर्मामीटर झटकलेला नसतो किंवा आकडा मागच्या पानावरून उतरवलेला असतो. ती विहीर बाजूला ठेवा. खोली ड्रिलिंगच्या मंचापासून मोजलेली असते. मंच जमिनीपासून किती उंच होता ते वजा करा. विहीर तिरकी असेल तर खोली उभी धरून काढा, नाहीतर तापमानवाढीचा दर खोटाच कमी दिसतो. एकच नोंद असेल तर तिला प्रदेशातल्या चांगल्या विहिरींवरून ठरवलेली ढोबळ दुरुस्ती द्या, पण तक्त्यात तिचा दर्जा वेगळ्या अक्षराने दाखवा. पाणी किंवा तेल वाहतं करून घेतलेल्या चाचणीतलं तापमान मिळालं तर ते या सगळ्यांहून वरचं.

प्रश्न : तेलविहिरी नाहीत, पाण्याच्या २०० मीटरच्या बोअर आहेत. त्यांत तापमान मोजून १५०० मीटरचा अंदाज बांधता येईल?

मोजता येईल, बांधताना सांभाळावं लागेल. काही आठवडे उपसा न झालेली बोअर निवडा. प्रोब (तापमान मोजणारं उपकरण) वर ओढताना नव्हे, खाली सोडतानाच वाचन घ्या, कारण वर येताना पाणी आधीच ढवळलेलं असतं. वेग मिनिटाला ५ ते १० मीटर, वाचन दर १-२ मीटरला. वरचे १५-२० मीटर सोडून द्या, तिथे ऋतूंची ये-जा असते. आलेख एखाद्या टप्प्यात उभ्या रेषेसारखा सरळ झाला, म्हणजे खोली वाढूनही तापमान वाढलं नाही, तर बोअरमधूनच एका थरातलं पाणी दुसऱ्या थरात चाललं आहे. ते खडकाचं तापमान नाही. तो भाग खोडा.

मुख्य चूक पुढे होते. वरच्या २०० मीटरमध्ये किलोमीटरला ४० अंशांची वाढ मिळाली की तीच पट्टी १५०० मीटरपर्यंत लावली जाते. वर शेल (चिकणमातीचा दगड) असेल तर त्याची औष्णिक वाहकता साधारण १.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश. म्हणजे खालून येणारा उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला ६० मिलिवॅट. ५०० मीटरखाली २.८ वाहकतेची चुनखडी लागली तर तोच प्रवाह तिथे किलोमीटरला २१ अंशांचीच वाढ देतो. जमिनीलगत २० अंश धरले तर ५०० मीटरवर ४० आणि १५०० मीटरवर ६१ अंश. सरळ पट्टी लावणाऱ्याने तिथे ८० लिहिलेले असतात. म्हणून तापमानवाढीचा दर नव्हे, उष्णतेचा प्रवाह खाली न्यायचा, आणि त्यासाठी प्रत्येक थराची वाहकता हवी. खडकाचे तुकडे प्रयोगशाळेत मोजून घेणं सर्वांत बरं.

प्रश्न : झऱ्याचं पाणी ४४ अंश आहे, सिलिका लिटरमागे ६० मिलिग्रॅम. एका सूत्राने खोलवरचं तापमान ११० येतं, दुसऱ्याने ८१. खरं कोणतं?

दोन्ही सूत्रं बरोबर आहेत, सिलिकेचं खनिज वेगळं आहे : एकात क्वार्ट्झ, दुसऱ्यात कॅल्सेडनी. क्वार्ट्झचं सूत्र : १३०९ ला (५.१९ वजा सिलिकेचा १० पायाचा लॉगरिदम) ने भागायचं आणि २७३.१५ वजा करायचे. कॅल्सेडनीचं : १०३२ ला (४.६९ वजा तोच लॉगरिदम) ने भागून तेवढेच वजा. या टप्प्यातल्या तापमानाला पाण्यातली सिलिका सहसा कॅल्सेडनीशी समतोल साधते. तेव्हा आधी ८१ वर विश्वास ठेवा आणि तिसऱ्या साक्षीदाराला बोलवा.

तो पोटॅशियम-मॅग्नेशियमचा. पोटॅशियमच्या वर्गाला मॅग्नेशियमने भागा, त्याचा लॉगरिदम १४ मधून वजा करा, ४४१० ला त्या उत्तराने भागा, २७३.१५ वजा करा. पोटॅशियम ८ आणि मॅग्नेशियम २ मिलिग्रॅम असेल तर ८० अंश येतात. मग ८१ ला आधार मिळाला म्हणायचं. सोडियम-पोटॅशियमचं सूत्र इथे वापरू नका. ते उच्च तापमानाच्या क्षेत्रांसाठी आहे आणि कोमट पाण्यात दोनशेच्या पुढचे बिनबुडाचे आकडे देतं. अहवालांत ते अजून दिसतात हे खेदाचं आहे.

वर येताना थंड पाणी मिसळलं असेल तर सिलिका पातळ होते आणि अंदाज कमी पडतो. पीएच ९ च्या पुढे असेल तर उलट, विरघळलेली सिलिका वाढते आणि अंदाज फुगतो. थरात ज्वालामुखीची राख असेल तरी फुगतो. नमुना घेण्यातही शिस्त लागते : पीएच आणि क्षारता जागेवरच मोजा, पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, क्लोराइड-सल्फेटची बाटली आम्लाविना ठेवा. सिलिका १०० मिलिग्रॅमच्या पुढे असण्याची शक्यता असेल तर ती बाटली जागेवरच दहापट ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करा, नाहीतर थंड होताना सिलिका साचते. विश्लेषण आल्यावर धन आणि ऋण आयनांची बेरीज ५ टक्क्यांच्या आत जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर सूत्रांना हात लावू नका.

प्रश्न : आम्ही १०० चौरस किलोमीटरच्या जलधरात साठलेली उष्णता काढली. आकडा प्रचंड आला. तरी प्रकल्प उभे का राहत नाहीत?

कारण तो आकडा साठ्याचा आहे, मिळकतीचा नाही. हिशेब करून पाहू. सच्छिद्रता (खडकातल्या पोकळ जागेचा वाटा) १५ टक्के धरली तर खडक आणि पाणी मिळून घनमीटरला एका अंशामागे सुमारे २.५४ मेगाज्यूल साठवतात. १०० चौरस किलोमीटर, ४० मीटर जाडी, पाणी ५५ अंश आणि संदर्भ तापमान, म्हणजे ज्याच्या वरची उष्णता मोजायची ते, २५ अंश. साठा येतो ३०५ पेटाज्यूल. पेटाज्यूल म्हणजे एकावर १५ शून्यं.

यातलं किती निघेल? युरोपच्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात वापरलेला नियम असा : परतीची विहीर (वापरलेलं पाणी पुन्हा जलधरात सोडणारी) नसेल तर साधारण १० टक्के. असेल तर ०.३३ गुणिले (जलधराचं तापमान वजा परत सोडलेल्या पाण्याचं तापमान) भागिले (जलधराचं तापमान वजा संदर्भ). परतीचं पाणी ३० अंश असेल तर हे साडेसत्तावीस टक्के येतं, म्हणजे ८४ पेटाज्यूल. ३० वर्षांत वाटले तर सुमारे ८९ मेगावॅट.

इथपर्यंत सगळे येतात आणि थांबतात. खरं मोजमाप इथून पुढे आहे : विहिरीतून पाणी येईल का? सेकंदाला ३० लिटर आणि २५ अंशांचा फरक म्हणजे ३.१ मेगावॅट. तेवढं पाणी ३० वर्षं उपसताना पातळी किती खाली जाईल ते काढा. पारगम्यता (खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता, तिचं एकक डार्सी) अर्धा डार्सी असेल, तर परतीच्या विहिरीशिवाय घट सुमारे १७० मीटर येते (साठवणांक ०.०००१, विहिरीची त्रिज्या १० सेंटिमीटर धरून). विहिरीतलं घर्षण वेगळं. पंप खोल बसवून हे जमवता येतं. पारगम्यता ०.१ डार्सी असेल तर घट ८०० मीटरच्या पुढे जाते, आणि विषय संपतो. दोन्हीकडे तापमान तेच, साठा तोच, नकाशावरचा रंगही तोच. म्हणूनच तापमानाच्या नकाशाइतकीच मेहनत पारगम्यता गुणिले जाडीच्या नकाशावर घ्या. हा गुणाकार १० डार्सी-मीटरच्या वर असलेली जागा आधी बघावी, असा कामचलाऊ नियम आहे. जाडी म्हणजे थराची एकूण जाडी नव्हे. मधले चिकणमातीचे पट्टे वजा करून उरते ती.

आणखी दोन चाळण्या. उष्णता दूर नेता येत नाही, काही किलोमीटरच्या आत वापरणारा हवा. शिवाय तो वर्षातून किती तास वापरणार हेही आहे. चारच महिने गरज असेल तर ३.१ मेगावॅटच्या विहिरीतून वर्षाची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याएवढीच विकली जाईल.

प्रश्न : हजार मीटरच्या विहिरीवर उपसा चाचणी सुरू केली, तर पाण्याची पातळी उतरण्याऐवजी आधी काही मीटर चढली. मीटर बिघडला आहे का?

मीटर ठीक असण्याचीच शक्यता जास्त. बंद विहिरीतला पाण्याचा स्तंभ वर थंड, खाली गरम असतो. सरासरी ३७ अंश धरा. उपसा सुरू झाला की ५५ अंशांचं पाणी वर येतं आणि सगळा स्तंभ गरम, म्हणून हलका होतो. तोच दाब तोलायला हलका स्तंभ जास्त उंच लागतो. हजार मीटरला हा फरक सुमारे ७ मीटरचा आहे. जलधर चांगला असेल तर सुरुवातीची खरी घट याहून कमी असते, म्हणून पातळी चढलेली दिसते. उपसा थांबवल्यावर उलटं होतं : स्तंभ थंड होत जातो, पातळी आधी सावरते आणि मग हळूहळू पुन्हा उतरते. ‘जलधर भरून येत नाही’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

उपाय एकच : दाब मोजणारं यंत्र जलधराच्या पातळीवर, तळाशी सोडा. ते शक्य नसेल तर पंपाच्या डोक्यावरचं तापमान दर काही मिनिटांनी नोंदवा, ते स्थिर होईपर्यंतचं वाचन बाजूला ठेवा आणि घनतेची दुरुस्ती करा. चाचणीचा क्रम नेहमीचाच : वाढत्या उपशाचे तीन-चार टप्पे, प्रत्येकी तास-दोन तास, मग एकाच दराने ४८ ते ७२ तास, मग तेवढाच वेळ भरून येण्याच्या नोंदी.

निकाल लिहितानाही तापमान विसरू नका. ५५ अंशांच्या पाण्याची चिकटी २० अंशांच्या निम्मी असते. तोच एक डार्सीचा खडक थंड पाण्याला दिवसाला ०.८३ मीटर वाट देतो, गरम पाण्याला १.६४ मीटर. उथळ बोअरचे मीटर-प्रतिदिन आकडे गरम जलधराशी थेट ताडू नका, आधी सगळं डार्सीत आणा.

प्रश्न : साधा सबमर्सिबल पंप चालेल का?

मोटरची पाटी वाचा. नेहमीच्या मोटरी साधारण ३० अंशांच्या पाण्यासाठी असतात, कारण बाजूने वाहणारं पाणीच त्यांना थंड करतं. ५५ अंशांत ती मोटर जळेल. गरम पाण्यासाठी बनवलेली घ्या, किंवा उत्पादकाच्या तक्त्यानुसार मोठी मोटर कमी भारावर चालवा. मोटर वर आणि दांडा खाली असा पंपही चालतो.

प्रश्न : उपसलेलं पाणी परत सोडायचं तर दुसरी विहीर किती दूर हवी?

थंड पाणी उपशाच्या विहिरीला कधी गाठेल, यावरून ठरवा. पहिल्या अंदाजाचं सूत्र सोपं आहे. अंतराचा वर्ग गुणिले जाडी, त्याला सेकंदाच्या उपशाने (घनमीटरमध्ये) भागा, मग १.०५ ने गुणा, आणि जलधर व पाणी यांच्या उष्णताधारणेच्या गुणोत्तराने गुणा. आपल्या जलधरासाठी ते २.५४ भागिले ४.१८, म्हणजे ०.६१. ४० मीटर जाडी आणि सेकंदाला ३० लिटर असताना एक किलोमीटर अंतराला २७ वर्षं मिळतात, ६०० मीटरला दहाहून कमी. गाठल्या दिवशी विहीर मरत नाही, तापमान हळूहळू उतरायला लागतं.

हे सूत्र वरच्या-खालच्या थरांतून येणारी उष्णता धरत नाही, त्यामुळे त्या बाजूने ते सावध आहे. दुसऱ्या बाजूने ते फसवं आहे : पाणी ४० मीटरभर सारखं वाहतं असं मानतं. प्रवाहमापक लॉग (कोणत्या खोलीतून किती पाणी येतं याची नोंद) घेतला आणि ७० टक्के पाणी दहा मीटरच्या एकाच पट्ट्यातून येतंय असं निघालं, तर त्या पट्ट्यासाठी २७ वर्षांची साडेनऊच होतात. आजूबाजूचा गरम खडक थोडा वेळ वाढवून देतो, पण २७ विसरा. हा लॉग न घेता अंतर ठरवणं आम्हाला धाडसाचं वाटतं.

प्रश्न : परतीची विहीर चोंदते असं ऐकतो. का?

चुनखडीच्या भेगांत पाणी सहज जिरतं, वालुकाश्मात अवघड. बारीक कण, गंज, जिवाणूंचा थर आणि वायूचे बुडबुडे छिद्रं बुजवतात. पाणी थंड झाल्यावर चिकटी वाढते, म्हणून तेवढंच पाणी ढकलायला दाबही जास्त लागतो. हा भाग चोंदण्याचा नाही, त्याचा हिशेब आधीच करून ठेवा. बाकीच्यावर उपाय : जमिनीवरचं सगळं पाइपकाम हवाबंद आणि दाबाखाली. दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चुन्याचे थर बसतात. प्राणवायू आत शिरला की लोखंड गंजतं आणि गंज थेट परतीच्या विहिरीत जातो. गाळण्या एक-दोन मायक्रॉनपर्यंतच्या लागतात. जलधराचं पाणी ग्राहकाच्या पाइपात सोडायचं नाही, मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारं यंत्र) ठेवायचा.

पॅरिसच्या खोऱ्यातला डॉगर चुनखडीचा जलधर या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. १५०० ते २००० मीटर खोल, ५५ ते ८५ अंश, पहिली जोडविहीर (उपशाची आणि परतीची मिळून) मलँ इथे १९६९ ची. तिथे पाणी जिरण्याची अडचण नव्हती. पाण्यातल्या सल्फाइडने पोलादी केसिंग (विहिरीचं अस्तर) खाल्लं आणि लोह सल्फाइडचे थर साचले. १९८० च्या दशकात अनेक विहिरींना त्याचा फटका बसला. पुढे तळाशी बारीक नळीने गंजरोधक सोडण्याची पद्धत रुजली. म्हणून मूल्यांकनाच्या टप्प्यावरच हायड्रोजन सल्फाइड, क्लोराइड, लोह आणि विरघळलेले वायू मोजा. फ्लोराइड, आर्सेनिक आणि बोरॉनही मोजा, कारण ते जास्त असले तर पाणी नदी-नाल्यात सोडताच येत नाही आणि परतीची विहीर सक्तीची होते.

प्रश्न : अशा पाण्यावर वीज होईल का?

अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर होते. पण तिथे थंड करायला अगदी गार पाणी हाताशी आहे, आणि तरीही कार्यक्षमता आठ टक्क्यांच्या आसपास. ५५ अंशांचं पाणी आणि २५ अंशांचं वातावरण असेल तर विषय सोडा. तेच पाणी वाळवणाला, हरितगृहाला, मत्स्यतलावाला किंवा घरं ऊबदार ठेवायला थेट द्या.

प्रश्न : अहवालात एकच आकडा द्यावा की पट्टा?

पट्टा. जाडी, सच्छिद्रता, तापमान, पारगम्यता या प्रत्येकाला किमान, संभाव्य आणि कमाल मूल्य द्या, संगणकावर दहा हजार वेळा यादृच्छिक निवड करून हिशेब फिरवा आणि ९०, ५० व १० टक्के खात्रीचे आकडे वेगवेगळे लिहा. सच्छिद्रता आणि पारगम्यता सहसा एकत्र वाढतात-घटतात. त्यांना सुटं ठेवून निवड केली तर पट्टा खोटाच अरुंद येतो, आणि ९० टक्क्यांचा आकडा आहे त्यापेक्षा भरवशाचा दिसतो. कर्ज देणारा नेमका तोच आकडा वाचतो.